एकाच आवारातल्या तीन शाळांची मिळून पहिली ते दहावी एक शाळा करायची आहे – कुठे काय अडतं?

नदीपल्याड

नमस्कार मंडळी. पुणे महापालिकेच्या एका शाळेच्या व्यवस्थापन समितीपुढे हा विषय यायचा आहे, म्हणून जाणकारांना विचारतो.

आवार एक. तळमजला आणि वर दोन मजले, बारा वर्गखोल्या. त्यात तीन शाळा भरतात. सकाळी ७.२० ते १२.२० माध्यमिक विद्यालय, आठवी ते दहावी. दुपारी १२.३० ते ५.३० मुलांची शाळा आणि मुलींची शाळा, दोन्ही पहिली ते सातवी. पट असा : मुलांच्या शाळेत पहिली ते पाचवी ६२, सहावी-सातवी ३८. मुलींच्या शाळेत ६४ आणि ३४. माध्यमिकला आठवी ४१, नववी ४४, दहावी ३९. एकूण ३२२.

तिन्हींची मिळून एकच शाळा करावी आणि ती एका सत्रात भरवावी, असा प्रस्ताव आहे. सातवीनंतर दाखला काढायचा आणि त्याच फाटकातून दुसऱ्या शाळेत पुन्हा प्रवेश घ्यायचा, याला पालक कंटाळलेत. त्या मधल्या उन्हाळ्यात मुली गळतात, हे तर सगळ्यांनाच दिसतं. पण शिक्षक कमी होतील ही भीतीही खरी आहे. शिक्षकसंख्या, वेळ, खोल्या, कागदपत्रं, यांत नेमकं काय सांभाळावं लागेल? आकड्यांसकट सांगितलंत तर सभेत मांडता येईल.

हजेरीपट

सभेत सगळ्यात आधी एकच प्रश्न घ्या : आठवी कुणाची? बाकीचं बरंचसं त्यावर ठरतं.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात प्राथमिक शिक्षण म्हणजे पहिली ते आठवी. त्यातली पहिली ते पाचवी एक गट, सहावी ते आठवी दुसरा. आपल्याकडे जुनी मांडणी मात्र चौथी, सातवी, दहावी अशी तुटते, आणि तुमच्या इमारतीत ती अजून तशीच आहे. तुमची आठवी कायद्याने प्राथमिक, पोषण आहाराला पात्र, आणि बसते मात्र माध्यमिकच्या पटावर.

आता कायद्याच्या परिशिष्टातल्या निकषांनी मोजू. पहिली ते पाचवीला ६० पर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार, १२१ ते २०० ला पाच. पट १५० च्या वर गेला तर वेगळा मुख्याध्यापक. म्हणजे आज ६२ ला तीन आणि ६४ ला तीन, मिळून सहा. एकत्र केल्यावर १२६ ला पाच. एक शिक्षक गेला, आणि १५० च्या आत असल्यामुळे या गटावर मुख्याध्यापकही मिळत नाही.

सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक, आणि पट कितीही लहान असला तरी भाषा, गणित-विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं यांना किमान एकेक. आज ३८ आणि ३४ या दोन्ही पटांना त्या किमान अटीमुळे तीन-तीन, मिळून सहा. एकत्र करून आठवी माध्यमिककडेच ठेवली तर ७२ ला तीन. आठवी खाली आणली तर पट ११३ होतो आणि चार शिक्षक मिळतात. शिवाय १०० च्या वर गेल्यामुळे पूर्णवेळ मुख्याध्यापक, आणि कला, क्रीडा-आरोग्य व कार्यानुभव यांचे अंशकालीन निदेशक मागता येतात. ७२ ला यातलं काहीच मागता येत नाही. ४१ मुलं कुठल्या हजेरीत लिहिली जातात, यावर इतकं अवलंबून आहे.

हिशोब असा राहतो : आज दोन प्राथमिक शाळांचे मिळून बारा शिक्षक. आठवी धरून एकत्र केलं तर नऊ आणि एक पूर्णवेळ मुख्याध्यापक. आठवी न धरता केलं तर आठ, आणि मुख्याध्यापक नाही. आठवी गेल्यावर माध्यमिकचा कार्यभारही तेवढा घटतो, हे विसरू नका. अतिरिक्त ठरणाऱ्यांचं समायोजन महापालिकेच्याच दुसऱ्या शाळेत होतं, नोकरी जात नाही. पण कोण अतिरिक्त ठरेल हे सेवाज्येष्ठतेवर ठरतं, आणि तो शाळेतला सगळ्यात तरुण, संगणक सांभाळणारा शिक्षक असण्याची शक्यता मोठी.

अंतिम आकडा संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं मंजूर करायच्या सरकारी प्रक्रियेत, ठरतो. तिचे राज्याचे निकष १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने बदललेत. तेव्हा वरचं गणित घेऊन बसा आणि ‘आठवीसह’ व ‘आठवीशिवाय’ अशा दोन्ही संचमान्यता प्रशासनाकडून लेखी काढून मागा. तोंडी आश्वासनावर ठराव करू नका.

एक इशारा. आठवी खाली आणली की ती शिकवणारा माध्यमिकचा बी.एड. शिक्षक पहिली ते आठवीच्या नियमांत येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर या वर्गांच्या, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण होणं बंधनकारक झालं आहे. सहावी ते आठवीसाठी टीईटीचा दुसरा पेपर. कुणाकडे तो आहे, याची यादी आधी करा. नाहीतर एकत्रीकरणाला पहिला विरोध शिक्षकांच्या खोलीतूनच होईल आणि तो रास्त असेल.

खडूफळा

आकडे वर आले, मी शाळेच्या दिवसाबद्दल लिहितो.

सकाळचं सत्र विसरा. फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयानुसार चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवायचे नाहीत. एकत्र शाळा ७.२० ला भरणारच नाही. सगळ्यांना १० वाजता धरा. पहिली ते चौथी १० ते ३.१५; दोन्ही सुट्ट्यांची ४५ मिनिटं वजा केली तरी साडेचार तास हातात राहतात. कायद्याला वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास लागतात, म्हणजे दिवसाला चार. सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास, म्हणजे दिवसाला सुमारे साडेचार. पाचवी ते आठवी १० ते ४.३०. नववी-दहावीला जादा तासिका ९.१५ ला.

इथे एक गोष्ट हमखास चुकते. पहिलीतल्या भावाला घरी नेणारी बहीण सातवीत असते. आई चार घरची कामं उरकून सहाला येते. लहानांना ३.१५ ला सोडलं तर सव्वा तास ती मुलं फाटकाशी, पायरीवर, रस्त्यावर. म्हणून नाव नोंदवून ‘थांबणारी मुलं’ वेगळी काढा, त्यांच्यासाठी तळमजल्यावरची एक खोली ठेवा आणि शिक्षकांची पाळी लावा. शिक्षकांचे आठवड्याचे ४५ तास कायद्यातच आहेत, तयारीसकट. पाळी त्यात बसते, पण वेळापत्रकात छापलेली असली तरच.

खोल्या पुरतात. १२६ मुलांचे पाच वर्ग, सहावी-सातवीचे दोन, आठवी एक, नववी-दहावी दोन, झाल्या दहा. अकरावी प्रयोगशाळा, बारावी ग्रंथालय आणि संगणक मिळून. आठवीत ४१ आहेत; त्यांच्या दोन तुकड्या करायची वेळ आली तर ग्रंथालयाची खोली जाते, हे आधीच बोलून ठेवा. पहिली ते तिसरी तळमजल्यावरच, यात तडजोड नको. प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर टोकाला, आम्लांचं कपाट कुलपात.

दोन सत्रांच्या इमारतीत बाक सगळ्यांना एकाच मापाचे असतात. पहिलीतल्या मुलाला बैठक जमिनीपासून ३०-३२ सेंमी हवी, दहावीतल्याला ४२-४४. आज पहिलीची मुलं बाकावर बसली की पाय लोंबकळतात, मग ती मांडी घालतात, मग लिहिताना वाकतात, आणि शाळा म्हणते अक्षर वाईट. एक सत्र झालं की खोली एकाच वर्गाची होते, मापाचे बाक लावता येतात, भिंतीवर लावलेला तक्ता दुसऱ्या दिवशी जागेवर सापडतो. मला विचाराल तर एकत्रीकरणाचा हा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा फायदा आहे.

घंटा. ३५ मिनिटांच्या तासिकेची घंटा पहिली-दुसरीला लावू नका. तिथे एक शिक्षिका दिवसभर असते, तिचं वाचन मधेच तोडायचं कारण नाही. त्या दोन वर्गांना फक्त सुट्टीची आणि सुटण्याची घंटा.

पोषण आहार पहिली ते आठवीलाच आहे. तांदूळ पाचवीपर्यंत माणशी १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५०. तुमच्या पटाला रोज १२.६ आणि १६.९५, मिळून साडेएकोणतीस किलोच्या आसपास. नववी-दहावीच्या ८३ मुलांना त्यात वाटा नाही. एकाच वेळी सुट्टी केली की मोठी मुलं रांगेत येतात, वाढणाऱ्या मावशींना ‘नाही’ म्हणवत नाही, आणि शेवटी खिचडी दुसरीला कमी पडते. म्हणून तीन सुट्ट्या : आधी पहिली ते चौथी, २५ मिनिटांनी पाचवी ते आठवी, मग डबा आणणारी नववी-दहावी. नोंदवहीत पाचवीपर्यंतचे आणि वरचे लाभार्थी वेगळे लिहा. मापं वेगळी असल्याने बेरीज एकत्र धरली तर महिन्याअखेरीस साठा जुळत नाही.

आता शिकवण्याबद्दल, कारण एवढा खटाटोप त्यासाठीच. नववीच्या गणितात रेषीय समीकरणं येतात. क्ष भागिले २ अधिक क्ष भागिले ३ बरोबर ५, इथे मूल अडतं. समीकरण त्याला कळलेलं असतं, छेद समान करता येत नाहीत. ते पाचवी-सहावीतच राहून गेलेलं असतं. वेगळ्या शाळेत नववीचा शिक्षक ‘खालून काही येतच नाही’ म्हणतो आणि विषय संपतो. एका शाळेत पाचवीच्या बाई दोन खोल्या पलीकडे असतात. महिन्यातून एकदा एका विषयाच्या पहिली ते दहावीच्या शिक्षकांची तासभर बैठक लावा. विषय एकच ठेवा, उदाहरणार्थ अपूर्णांक, आणि प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या पाच वह्या आणायच्या. उपदेश करणाऱ्या कार्यशाळांपेक्षा या वह्यांतून जास्त कळतं.

विज्ञानाचं उलट. माध्यमिकच्या विज्ञान शिक्षकाला सहावी-सातवीला आठवड्यातून एक प्रयोगाची तासिका द्या. दहावीला विज्ञानाच्या दोन भागांचे ४०-४० लेखी आणि २० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. परीक्षानळी पहिल्यांदा नववीत हातात धरणारं मूल त्या २० मध्ये मागे पडतं.

नदीपल्याड

दोघांचेही आभार. आठवीचा मुद्दा आमच्या कुणाच्या डोक्यात नव्हता. दोन शंका : मुलींच्या शाळेतले काही पालक ‘मुलांबरोबर नको’ म्हणतात, त्यांना काय सांगावं? आणि जुन्या दोन शाळांची दप्तरं कुठे जातात?

दाखलाखारीज

दप्तराचं आधी, कारण तिथे झालेली चूक पुढे दुरुस्त होत नाही.

जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाच्या नोंदीची वही, हा कायमस्वरूपी जपायचा दस्त आहे. एकत्रीकरणात तीन रजिस्टरं एकात उतरवून काढायचा मोह होतो. तसं मुळीच करू नका. दोन्ही प्राथमिक शाळांच्या रजिस्टरांत शेवटच्या नोंदीखाली रेघ मारायची, ‘येथून पुढे नोंद नाही’ असं लिहून तारीख, आदेशाचा क्रमांक, सही-शिक्का. मग ती यादीसह नव्या शाळेच्या ताब्यात. जुन्या विद्यार्थ्याला दाखल्याची दुय्यम प्रत लागली तर ती त्याच जुन्या रजिस्टरवरून, जुन्या शाळेच्या नावाने आणि जुन्या क्रमांकाने द्यायची; खाली नव्या मुख्याध्यापकाची सही.

याचं महत्त्व पालकांना चटकन कळतं, कारण जात पडताळणी. अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचे, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीचे आणि इतर मागास वर्गाला १९६७ पूर्वीचे पुरावे लागतात, आणि आजोबांच्या शाळेतली नोंद हा त्यातला मोठा आधार. शहरातल्या जुन्या शाळांत मोडीतल्या नोंदीही निघतात. अशी रजिस्टरं तुमच्याकडे असतील तर गठ्ठा हलवण्याआधी पानन्‌पान स्कॅन करून घ्या. एकत्रीकरणात सामान हलतं, आणि सामान हलताना ओल आणि वाळवी यांच्या तावडीत सापडतात ती हीच कागदं.

दाखला : शाळेचं एकत्रीकरण होताना १९८ पालकांना अर्ज करायला लावू नका. आदेशान्वये सगळ्या मुलांना एकदम नव्या शाळेच्या पटावर वर्ग करता येतं. त्यानंतर मूल पहिलीत आलं की थेट दहावीनंतरच दाखला निघेल. सातवीनंतरची गळती थांबण्याचं हेच कारण. मधे कुणी शाळा सोडत असेल तर पहिली ते आठवीला दाखला लगेच देणं मुख्याध्यापकावर बंधनकारक आहे, आणि तो उशिरा मिळाला म्हणून दुसऱ्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.

युडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतली शाळेची ओळख, अकरा आकडी असतो, पुणे जिल्ह्याचा २७२५ ने सुरू होणारा. तीनपैकी कुठला ठेवायचा? माध्यमिकचाच. त्या शाळेला राज्य मंडळाची मान्यता आणि सांकेतांक आहे. तो बंद केला तर दहावीचे अर्ज भरताना सगळं नव्याने. माध्यमिक खाली वाढवायची, प्राथमिक तिच्यात विलीन करायच्या. युडायसमधला प्रकार बदलून ‘पहिली ते दहावी’ होतो, तो सहावा प्रकार. मग विद्यार्थी पोर्टलवर मुलं वर्ग करायची. इथे आधारमधलं नाव किंवा जन्मतारीख रजिस्टरशी न जुळणारी मुलं अडकतात, आणि अडकलेलं मूल संचमान्यतेच्या पटात धरायला अडचण येते. वर हजेरीपट यांनी दाखवलंय की ११३ चे १०० किंवा त्याहून कमी झाले की मुख्याध्यापकाचं पद जातं. तेरा मुलं म्हणजे तेरा आधार दुरुस्त्या. त्या मे महिन्यात उरका.

मुलींच्या पालकांबद्दल : त्यांना पटवू नका, दाखवा. सहावीपासूनच्या मुलींचं स्वच्छतागृह लहान मुलींच्या आणि मुलांच्या स्वच्छतागृहापासून वेगळ्या बाजूला, आतून कडी, पाणी, पॅड टाकायची सोय. दोन्ही जिन्यांवर सुट्टीत शिक्षक उभे. आणि एकत्रीकरणानंतर स्त्री शिक्षिका किती उरतात, तो आकडा ठरावात. यातलं जे आज नाही ते ‘झाल्यावर करू’ म्हणून सोडलं तर पहिल्या जूनमध्ये पाच-सहा मुली जवळच्या खासगी शाळेत किंवा घरीच दिसतील.

मुळाकाठ

थोडा वेगळा सूर लावतो. वरचं सगळं बरोबर आहे, पण घाईने एक युडायस करू नये असं माझं ठाम मत.

महापालिका अधिनियम १९४९ मध्ये प्राथमिक शिक्षण हे कलम ६३ खालचं बंधनकारक कर्तव्य आहे. माध्यमिक त्या यादीत नाही, ते ऐच्छिकात मोडतं. म्हणूनच पुण्यात प्राथमिकचं प्रशासन वेगळं आणि माध्यमिक व तांत्रिक शिक्षण विभाग वेगळा. अंदाजपत्रकाची शीर्षं वेगळी, सेवाज्येष्ठतेच्या याद्या वेगळ्या. माध्यमिकच्या मुख्याध्यापकाला प्राथमिकच्या शिक्षिकेची रजा मंजूर करायचा अधिकार कुठल्या आदेशाने? तिचा गोपनीय अहवाल कुणी लिहायचा? हे न ठरवता फलक बदलला तर एका इमारतीत दोन शाळा नांदतात आणि मुख्याध्यापक दोन्हीकडून अडकतो.

केरळने हेच आधी वरून सोडवलं. २०१९ मध्ये त्यांनी शालेय शिक्षणाची वेगवेगळी संचालनालयं एकत्र करून एकच सामान्य शिक्षण संचालनालय केलं, आणि जिथे उच्च माध्यमिकपर्यंत शाळा आहे तिथे प्राचार्य संस्थाप्रमुख, मुख्याध्यापक उपप्राचार्य. केंद्रीय विद्यालयांत पहिली ते बारावी एकच प्राचार्य असतो, पण प्राथमिक विभागाला त्याच्या हाताखाली स्वतंत्र मुख्याध्यापक. दोन्हीकडे लहानांची जबाबदारी असलेला माणूस वेगळा आहे. आपल्याकडे पहिली ते दहावीच्या शाळेत मुख्याध्यापकाचा सगळा वेळ दहावीच्या निकालात जातो आणि पहिलीच्या वर्गात तो पंधरा ऑगस्टलाच दिसतो.

म्हणून पहिलं वर्ष तिन्ही क्रमांक ठेवून शैक्षणिक एकत्रीकरण करा : एक सत्र, एक वेळापत्रक, विषयबैठका, सामायिक प्रयोगशाळा. प्राथमिकचा प्रभारी कोण, हे लेखी. दुसऱ्या वर्षी प्रशासकीय.

हजेरीपट

मुळाकाठ, गोपनीय अहवालाचा मुद्दा शंभर टक्के मान्य; तो आदेशात स्वतंत्र परिच्छेद म्हणून यायला हवा, आणि प्राथमिक प्रभारीचं पदही. पण एक वर्ष क्रमांक तीन ठेवण्याचा तोटा सांगतो. तीन क्रमांक म्हणजे पट तीन ठिकाणी, म्हणजे ११३ चं पद त्या वर्षी नाहीच. आणि ‘पुढच्या वर्षी’ला कुणी बांधील नसतं. एक तडजोड शक्य आहे : या वर्षी मुलांची आणि मुलींची शाळा एक करायची, आणि आठवीचा वर्ग प्राथमिककडे जोडायचा, नववी-दहावी तूर्त माध्यमिकच्या क्रमांकावर. पहिली ते आठवी २३९ ची शाळा होते, मुख्याध्यापक मिळतो, मंडळाची मान्यता हलत नाही. फक्त माध्यमिककडे दोनच वर्ग उरतात, तेव्हा त्यांची संचमान्यता काढून बघितल्याशिवाय हा पर्याय मांडू नका.

नदीपल्याड, क्रम असा ठेवा. जानेवारीत समितीचा ठराव. समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला आहेत ना ते तपासा, नाहीतर ठरावावरच आक्षेप येतो. दोन्ही शाळांच्या समित्यांचे ठराव वेगळे, आणि माध्यमिकच्या समितीचाही. सोबत दोन्ही पर्यायांची संचमान्यता, खोल्यांचा नकाशा, टीईटीधारकांची यादी. मग शिक्षण विभाग, आयुक्त, मुख्य सभा, आणि पुढे उपसंचालक कार्यालय. एप्रिल-मेमध्ये रजिस्टरं बंद करणं, स्कॅनिंग, आधार दुरुस्त्या. आठवीची वार्षिक परीक्षा २०२३-२४ पासून उत्तीर्ण व्हावी लागते आणि अनुत्तीर्णांची पुनर्परीक्षा असते. ती मुलं कुठल्या क्रमांकावर बसणार, हे वर्ग करण्याआधी ठरवा. ३० सप्टेंबरचा पट संचमान्यतेला धरतात, म्हणून पोर्टलचं काम ऑगस्टअखेर हातावेगळं झालं पाहिजे. आदेश जुलैनंतर आला तर त्या वर्षी क्रमांकांना हात लावू नका, फक्त वेळापत्रक बदला.